विणकरांचा कुत्रा आणि आमची एक्सेल शीट

मासिकासाठी साहित्य द्या अशी नोटीस लागली की मराठी विभागाकडे ठरलेले विषय येतात. पाऊस, मैत्री, आई, कॅम्पस प्लेसमेंट आणि 'आजचा तरुण कुठे चाललाय?' मी यंदा कुत्र्यावर लिहितोय. तेही दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणाऱ्या, डोक्यावर रिबन बांधलेल्या यॉर्कशायर टेरियरवर! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण पुढे मला माझी एक चूक कबूल करायची आहे, आणि तीच चूक करण्याच्या बेतात आपल्या होस्टेलमधले निदान चार-पाच जण आहेत, हे मला गच्चीवरच्या गप्पांवरून पक्कं ठाऊक आहे.

झालं असं. माझा एक मित्र डे-स्कॉलर आहे, भिवंडीतल्या पद्मानगरचा. घरी पॉवरलूम. मेसच्या रविवारच्या जेवणाला कंटाळून मी त्याच्याकडे जायचो आणि त्याच्या आजीच्या हातचं जेवून यायचो. सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या डोक्यात 'साइड बिझनेस' शिरला. मंदीमुळे अर्धे लूम बंद, घरात पैशाची ओढाताण. आणि इन्स्टाग्रामवर कुणीतरी सांगत होतं की यॉर्कीची एक मादी घ्या, घरच्या घरी पिल्लं काढा, कॉलेजची फी सुटते. मित्र मला म्हणाला, "भावा, तू शीट मस्त बनवतोस. जरा हिशेब मांड ना."

मी मांडला. मादीची किंमत ४५ हजार. खाणं महिन्याला दोन हजार, म्हणजे वर्षाचे २४ हजार. 'इतर खर्च' या कॉलममध्ये मोठ्या मनाने पाच हजार टाकले. उत्पन्न : वर्षाला दोन विणी, प्रत्येकी चार पिल्लं, प्रत्येकी ३५ हजार. एकूण दोन लाख ऐंशी हजार. खर्च वजा जाता निव्वळ नफा दोन लाख सहा हजार! खाली हिरवा रंग भरला, बार चार्ट काढला. कुठल्याही प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनला मी इतकी मेहनत घेतली नव्हती.

त्या शीटमध्ये काय काय चुकलं होतं, तेच या लेखात सांगायचं आहे. पण त्याआधी त्या कुत्र्याची ओळख करून देतो. कारण या कुत्र्याचा आणि भिवंडीसारख्या गावाचा संबंध फार जवळचा आहे, आणि तो आम्हाला कुत्रा घरी आणल्यावर कळला.

'टेरियर' हा शब्द लॅटिनमधल्या 'टेरा' म्हणजे जमीन या शब्दावरून आला. जमिनीत घुसून, बिळं उकरून उंदीर, घुशी, कोल्हे बाहेर काढणारा तो टेरियर. (आमच्या वॉचमनकाकांना मात्र टेरियर म्हटलं की पिटबुलच आठवतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ 'धोकादायक' जातींवर बंदी घालणारं परिपत्रक काढलं, त्यात पिटबुल टेरियर होता. पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. तीन किलोच्या यॉर्कीचा त्या यादीशी काही संबंध नव्हता.)

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्कॉटलंडमधले कामगार पोटापाण्यासाठी इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर भागात उतरले. तिथे कापड गिरण्या धडधडत होत्या. या लोकांनी येताना आपले छोटे कुत्रे बरोबर आणले. त्यातले पेस्ली टेरियर हे नाव ज्या गावावरून पडलं, ते पेस्ली म्हणजे शालींचं, विणकरांचं गाव. गिरणीत आणि घरात उंदीर मारायला हे कुत्रे उपयोगी पडत. वेगवेगळ्या जातींच्या संकरातून हळूहळू जो लांब रेशमी केसांचा कुत्रा तयार झाला, त्याला १८७०च्या दशकात 'यॉर्कशायर टेरियर' हे नाव रूढ झालं. १८६५ साली जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' नावाचा नर या जातीचा मूळपुरुष मानला जातो. तो १८७१ साली गाडीखाली सापडून मेला, पण तेवढ्या सहा वर्षांत त्याच्या पिल्लांनी जातीचा नमुना पक्का केला. त्याचे ते लांब झुळझुळीत केस बघून लोक चेष्टेने म्हणत, हे केस गिरणीतल्या लूमवरच विणलेले दिसतात!

आता भिवंडी बघा. १८५७च्या उठावानंतर उत्तरेकडून मोमीन विणकर इकडे आले, तेलंगणातून पद्मशाली आले. हातमाग गेले, पॉवरलूम आले. गावाला लोक 'मँचेस्टर' म्हणू लागले. खरं मँचेस्टर तेव्हा ज्या लँकेशायरमध्ये होतं, त्याच्या लगतच हा कुत्रा घडला. म्हणजे हा राजवाड्यातल्या मऊ गादीवर जन्मलेला कुत्रा नव्हे. तो चाळीत राहणाऱ्या, दिवसाचे बारा-बारा तास उभं राहून काम करणाऱ्या विणकरांचा कुत्रा आहे. श्रीमंत बायकांच्या मांडीवर तो नंतर जाऊन बसला. मित्राच्या आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्यातलाच आहे म्हणायचा." नाव काय ठेवायचं यावरून घरात वाद चालला होता. पण हे पिल्लू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखं पळत सुटायचं, म्हणून आजीनेच नाव ठेवलं, 'शटल'.

टेरियरचं अंगात मुरलेलं काम सुटत नाही, हे शटलने दोन महिन्यांत दाखवलं. सुताच्या कोनांच्या मागे उंदीर खुडबुडला की वीतभर उंचीचं हे जनावर मान तिरकी करून, एक पाय उचलून स्तब्ध उभं राहायचं. मान तिरकी करून ऐकणारा कुत्रा तुम्ही पाहिला असेलच. जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवर ग्रामोफोनसमोर बसलेला तो 'निपर', तोही टेरियरच्याच रक्ताचा होता असं मानतात.

आणि आपल्यासाठी, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांसाठी, खास गोष्ट आहे 'स्मोकी'ची. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात ही यॉर्की सापडली. बिल विन नावाच्या अमेरिकन सैनिकाने ती पाळली. वजन दोन किलोसुद्धा नाही! १९४५ साली फिलिपिन्समध्ये लिंगायेन इथल्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. सुमारे ७० फूट लांबीचा, फक्त ८ इंच व्यासाचा पाइप, त्यात जागोजाग माती भरलेली. खोदायचं म्हटलं तर धावपट्टी बंद, विमानं उघड्यावर, वरून शत्रूच्या बॉम्बची भीती. शेवटी स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, विन पलीकडच्या तोंडाशी जाऊन हाका मारत बसला, आणि ती काही मिनिटांत पाइपमधून बाहेर आली. केबल लेइंगच्या व्हायवाला हे उदाहरण द्यायला हरकत नाही. मार्क मिळतील याची खात्री मी देत नाही!

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, वा! मग अडचण काय? घरात आणावा आणि पाळावा.

पाळावा, जरूर पाळावा. पण पाळणं म्हणजे काय ते ऐका. यॉर्कीचे केस आपल्या केसांसारखे सतत वाढतात. आपल्या गावठी कुत्र्याला आत दाट आणि वर राठ असे दोन थर असतात, याला एकच रेशमी थर. त्यामुळे केस कमी गळतात, पण गुंततात फार. रोज विंचरावंच लागतं. कोरडे केस खसाखसा विंचरले तर तुटतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा, मग बोटांनी गाठी सोडवायच्या, मग स्टीलचा बारीक दातांचा कंगवा. पोटाखाली, कानांमागे आणि काखेत गाठी आधी होतात. दोन-तीन आठवड्यांनी आंघोळ, तीही कुत्र्यांच्याच शाम्पूने. आणि आंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडं करणं सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे कुत्रा काय वाळणार? ओलसर राहिला की खाज, बुरशी, वास. लूमच्या घरात तर हवेतली सुताची धूळ सगळी त्या केसांत येऊन बसते. संध्याकाळी शटलला विंचरलं की कंगव्यावर केस कमी आणि सूतच जास्त!

डोळ्यांवरचे केस बांधायचे नाहीतर कापायचे, पंजांच्या गाद्यांमधले केस कापायचे, नखं कापायची, कान पुसायचे. दात तर रोज घासायचे, कारण छोट्या जबड्यात दातांची दाटी होते आणि या जातीचे दात लवकर किडतात, पडतात. गळ्यात पट्टा बांधून ओढायचं नाही, श्वासनलिका नाजूक असते, म्हणून छातीवरून जाणारा पट्टा. प्रदर्शनात जमिनीला टेकणारे केस दिसतात, ते कागदाच्या घड्यांत गुंडाळून जपलेले असतात. आपल्या हवेत त्या फंदात पडू नये. केस बोटभर ठेवून छान कातरून घ्यावेत. कुत्रा सुखी, आपणही सुखी.

खाण्याचंही तसंच. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे. म्हणजे आपल्या मेसची भाजी बाद! (ती माणसांनाही बादच आहे, पण तो वेगळा विषय.) पिल्लू लहान असताना चार-पाच तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, ते लटपटतं, झोपाळतं, फिट येते. तेव्हा हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा.

उंदरांचा विषयही राहू देऊ नका. मानकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यात आता गोडाऊनच गोडाऊन आहेत. गोडाऊन म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर आले की लेप्टो आला. २००५च्या जुलैमधल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ते आपल्या आई-वडिलांना विचारा. उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लस हवीच. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर तोही जायचा. त्यामुळे 'टेरियर आणला, आता गोडाऊनची चिंता मिटली' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. दीडशे वर्षांपूर्वीचं ते काम आज पिंजरा आणि साफसफाई जास्त चांगलं करतात.

हे सगळं मित्राच्या घरी होत होतं. आजी विंचरायची, मित्र दात घासायचा, मी रविवारी आंघोळ घालायचो. घरातलं वातावरण बदललं. लूम बंद पडल्यापासून गप्प गप्प असणारे काका संध्याकाळी शटलशी बोलायला लागले. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण शीट होती ना!

शटल आणली तेव्हा दीड महिन्याची होती. विकणाऱ्याने (नाव लिहीत नाही) सांगितलं होतं, पहिल्या पाळीतच लावून टाका, मादी लवकर 'चालू' होते. शब्द त्याचा आहे. मे महिन्यात, आठ महिन्यांची असताना तिला पहिली पाळी आली. मित्राने ओळखीतला एक नर शोधला. नर तिच्यापेक्षा मोठ्या हाडापेराचा होता, याकडे आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. आजी एवढंच म्हणाली, "अरे, पोर आहे ती अजून. ती काय लूम आहे का, बटण दाबलं की माल?" आम्ही हसलो.

कुत्रीचे दिवस साधारण ६३, म्हणजे नऊ आठवडे. जुलैच्या शेवटी एका रात्री शटल कोपऱ्यात जाऊन फडकी उकरू लागली. बाहेर मुसळधार पाऊस. मित्राचा फोन आला म्हणून मी वॉर्डनसरांची परवानगी काढून गेलो. कळा सुरू होऊन दोन तास झाले तरी काही होईना. ती ओरडतही नव्हती, नुसती आमच्याकडे बघत होती. ज्या डॉक्टरांकडे तिचं लसीकरण व्हायचं ते फोनवर म्हणाले, वाट बघू नका, ऑपरेशन लागणार, ठाण्याला न्या. अंजूरफाट्यापर्यंत गुडघाभर पाणी, पुढे कंटेनरची रांग. रिक्षात आजीच्या मांडीवर टॉवेलमध्ये शटल, आणि आम्ही दोघं खाली उतरून रिक्षा ढकलतोय. पोहोचायला दोन तास लागले.

तीन पिल्लं होती. पहिलं अडकून मेलं होतं. दुसरं जेमतेम शंभर ग्रॅमचं, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिल्या आठवड्यात भोवतीची हवाच तीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि दर दोन-तीन तासांनी दूध पाजावं लागतं. शटल स्वतःच पोर. ऑपरेशनच्या गुंगीत तिला पिल्लं आपली आहेत हेच समजेना. तिसरं पिल्लू जगलं ते आजीमुळे. पंधरा दिवस, पिल्लाचे डोळे उघडेपर्यंत, तिने रात्री गजर लावून ड्रॉपरने दूध पाजलं. शटल वाचली. डॉक्टरांनी त्याच ऑपरेशनमध्ये तिची नसबंदी करून टाकली. बिल अठरा हजार झालं. माझ्या शीटमध्ये 'इतर खर्च' पाच हजार होता.

डॉक्टर आम्हाला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "इंजिनिअरिंगला आहात ना? फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात का अजून?"

मित्रांनो, आपण आउटपुट मोजताना लॉसेस धरतो. कुठलंही मशिन शंभर टक्के एफिशिअन्सीने चालत नाही, हे फर्स्ट इयरला शिकतो. आणि जिवंत प्राण्याच्या बाबतीत मात्र चार पिल्लं गुणिले दोन विणी असं सरळ मांडून मोकळे होतो! यॉर्कीला दोन पिल्लं होतील, पाचही होतील. छोट्या जातींमध्ये बाळंतपण अडण्याचं प्रमाण मोठं, कारण आई लहान आणि पिल्लाचं डोकं त्या मानाने मोठं.

शिवाय आमचा धंदा कायद्यातही बसत नव्हता, हे नंतर कळलं. कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारचे नियम २०१७ सालापासून आहेत. घरातल्या घरात का होईना, विक्रीसाठी पिल्लं काढायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी दीड वर्षाच्या आतली नको. बारा महिन्यांत एकच वीण, जन्मभरात पाचच्या वर नाही. जवळच्या नात्यात लावायचं नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आता माझी शीट या नियमांवर तपासा. पहिल्या दीड वर्षात उत्पन्न शून्य, आणि वर्षाला दोन विणी ही ओळच बाद. शटल स्वतः दीड महिन्याची असताना विकली गेली, तिथेच पहिला नियम मोडला होता. आणि विकत घेणारे आम्ही, म्हणजे त्या मोडण्यात भागीदार.

कुणी म्हणेल, कायद्याचं काय घेऊन बसलास, कोण बघतंय? खरंय. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. आपल्या लायब्ररीचा लेट फाईन त्याहून जास्त होतो! पण म्हणूनच तर हा प्रश्न पोलिसांवर सोडण्यासारखा नाही. गिऱ्हाईक कोण? आपण. २००३ साली 'हच'च्या जाहिरातीत एका मुलामागे पग धावला, आणि गल्लोगल्ली पग दिसू लागले. चपट्या नाकाने घुरघुरणारी ती बिचारी जनावरं आपल्या मे महिन्यात कशी धापा टाकतात ते कुणी बघितलं नाही. आता रील्समुळे 'टीकप यॉर्की'ची पाळी आली आहे. टीकप नावाची कुठलीही मान्य जात नाही. लहानात लहान, अशक्त पिल्लं निवडून त्यांचीच पैदास करायची आणि चहाच्या कपात बसवून फोटो काढायचा, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या मनाने वाढवलेला अशक्तपणा विकत घ्यायचा, तोही जास्त पैसे देऊन!

"मग घरी पैदास कुणी करूच नये का? तुझ्या त्या विणकरांनी घरीच केली ना?" हा प्रश्न मला मित्रानेच विचारला आणि तो योग्य आहे. माझं उत्तर असं. करावी, पण ज्याला कुत्र्यातलं कळतं, ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे, ज्याने नर-मादीचे गुडघे, दात, यकृत तपासून घेतलंय, जो नोंदणी करतो, आणि विकलेलं पिल्लू उद्या परत आलं तर घरात घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याने करावी. आणि त्या विणकरांना फार मोठेपणाही द्यायला नको. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उंदीर मारायच्या शर्यती लागत, शेपट्या कापल्या जात, माणसांची पोरंही गिरणीत राबत. त्यांना जे माहीत नव्हतं ते आपल्याला माहीत आहे. इंग्लंडने २००७ साली शेपटी कापण्यावर जवळजवळ बंदी घातली. त्यांच्या देशात त्यांचा कुत्रा शेपटी घेऊन हिंडतो, आणि आपल्याकडे अजून 'शेपटी कापून देऊ का?' असं विचारणारे भेटतात.

थोडक्यात सांगायचं तर, आवड वेगळी आणि धंदा वेगळा. पॉकेटमनीसाठी ट्यूशन घ्या, जर्नल लिहून द्या (सरांनी हे वाक्य वाचू नये). कुणाच्या तरी गर्भाशयावर आपली फी काढू नका.

आता होस्टेलपुरतं. आपल्या मेसमागे राहणारी 'केटी' सगळ्यांना माहीत आहे. एकदा आली ती सुटलीच नाही, म्हणून हे नाव. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं अशा आवारांतली भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर आपल्या कॉमन रूममध्ये झालेली भांडणं आठवतात ना? ज्याला कुत्रा चावलाय तो एका बाजूला, ज्याने केटीला बिस्किटं घातली तो दुसऱ्या बाजूला. माझं मत विचाराल तर चावलेल्या मुलाची भीती खोटी नाही. रेबीज झाला की वाचणं जवळजवळ अशक्य, म्हणून चावलं, ओरखडलं की आधी पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, यात चर्चा नाही. पण बिस्किटं घालणं म्हणजे जबाबदारी घेणं नव्हे, हेही तितकंच खरं. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करून, लस देऊन त्याला कुणाच्या तरी घराची भिंत आणि पट्टा मिळवून देणं, ही खरी जबाबदारी. पंचेचाळीस हजारांच्या पिल्लासाठी गिऱ्हाइकं रांगेत, आणि फुकटच्या पिल्लासाठी घर मिळत नाही! आपली गावठी जात या हवेत हजारो वर्षं तयार झालेली आहे. तिला ड्रायर लागत नाही, टॉप नॉट लागत नाही, बाळंतपणाला ठाण्याला न्यावं लागत नाही.

सर-मॅडमना एक विनंती. एनएसएसच्या कॅम्पमध्ये एक दिवस पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. रेबीजचं लसीकरण, जखम कशी धुवायची, कुत्र्याची देहबोली कशी ओळखायची, एवढं दोन तासांत होतं. त्याचा उपयोग फक्त कुत्रेप्रेमींना नाही, सगळ्यांना आहे.

शटल आता छान आहे. तिचं पिल्लूही. त्याला विकायचं नाही असं आजीने पहिल्याच रात्री जाहीर केलं होतं, आणि त्या घरात आजीपुढे कुणाचं चालत नाही. मागच्या रविवारी गेलो तेव्हा दोघं सुताच्या कोनांभोवती पळत होती, काका एक लूम चालू करून बसले होते, आणि आजी हातात कंगवा घेऊन पोराच्या मागे लागली होती. मी माझा लॅपटॉप उघडून ती शीट मित्राला दाखवली. मला ती डिलीट करायची होती. तो म्हणाला, "राहू दे. पुन्हा कुणी हिशेब मांडायला सांगितला तर दाखवायला होईल."

म्हणून ठेवली आहे. कुणाला हवी असेल तर बी विंग, दुसरा मजला. येऊन बघून जा. बार चार्ट खरंच सुंदर आहे.

— एक होस्टेलवासी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल